‘ताई, हातात कधी पकड धरलीय का?’ या प्रतिक्रियेला उत्तर

छोट्या इंजिनांच्या वायरिंगला पिना, म्हणजे वायरीच्या टोकाला लावायचे धातूचे जोड, कशा निवडायच्या, यावर मी गेल्या आठवड्यात लिहिलं. त्याखाली ‘एक मेकॅनिक’ या नावाने एक लांबलचक प्रतिक्रिया आली. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी सांगते. लेख पुस्तकी आहे, क्रिम्पिंगचं (पिन वायरीवर दाबून बसवायचं) औजार गरिबाला परवडत नाही, कंपनीची पिन सुटी मिळतच नाही आणि किल वायरच्या (इंजिन बंद करणाऱ्या वायरीच्या) पिनेचं माप चुकलंय, असं त्यात म्हटलंय. शेवटचं वाक्य मात्र जसंच्या तसं देते: ‘ताई, हातात कधी पकड धरलीय का? सियागंजातून मूठभर थिंबलं आणा, पकडीने दाबा, वर डाख द्या, इंजिन सुरू. एवढा काथ्याकूट कशाला?’ (सियागंज म्हणजे आमच्या इंदूरचा बाजार, आणि थिंबल म्हणजे वायरीच्या टोकावर चढवून दाबायचं धातूचं टोक.)

दादा, तुमचं जे बरोबर आहे ते आधी देऊन टाकते. किल वायरला 6.3 मिमीची चपटी पिन लागते असं मी सरसकट लिहिलं होतं. ते चुकलं. काही इंजिनांना 4.8 ची असते, काहींना गोल बुलेट पिन असते. कॅलिपर लावून बघायचं आणि मग आणायची.

आता पकडीचं.

हा लेख एखाद्या दादाने लिहिला असता तर हाच प्रश्न तुम्ही त्याला विचारला असता का? त्याला तुम्ही म्हणाला असता, ‘दादा, माझा अनुभव थोडा वेगळा आहे.’ मला मात्र थेट हातात काय धरलंय ते विचारलंत. झोंबलं, कबूल करते. मी लेखात कोणत्याही मेकॅनिकला नावं ठेवली नव्हती. पुन्हा वाचून पाहिलं, खरंच नव्हती.

तर ऐका. नऊ वर्षं मी पीथमपूरला वायरिंग हार्नेस (पिना-कपलर लावलेले वायरींचे तयार जुडगे) बनवणाऱ्या एका कारखान्यात क्रिम्पिंगच्या टेबलावर होते. पहाटेची बस, राऊ येईपर्यंत जरा डोळा लागायचा, की मग आठ तास पिना. आमच्या ओळीत बहुतेक बायकाच होत्या. पाळी सुरू झाली की पहिल्या काही पिना तपासायला जायच्या. दाबलेल्या भागाची उंची मायक्रोमीटरने मोजायचे, आणि ती 0.05 मिमीपेक्षा जास्त इकडे-तिकडे झाली तर मशीन बंद. अधूनमधून एक पिन आडवी कापून, घासून, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचे. नीट दाबलेल्या पिनेत तांब्याच्या गोल तारा एकमेकींवर चेपून मधाच्या पोळ्यातल्या घरांसारख्या सहाकोनी होतात, मध्ये काळी फट दिसत नाही. फट राहिली की आत दमट हवा शिरते आणि वर्षभरात तांबं हिरवं पडतं. साध्या पकडीने दाबलेली पिनही आम्ही एकदा हौसेने कापून पाहिली होती. वरून अगदी चपटी आणि आत निम्म्या तारा मोकळ्या.

आणि तुमची पकड पिनेचे मागचे कान वळवतच नाही, हे तुम्हालाही माहीत असणार. उघड्या पिनेला कानांच्या दोन जोड्या असतात. पुढची तांब्याला धरते, मागची रबराला. हिसका बसला तर तो मागच्या जोडीने खायचा असतो. ती मोकळी राहिली की सगळा भार तांब्यावर.

राहिला डाख. गेल्या गणेशोत्सवात आमच्या लोकमान्य नगरच्या एका मंडपातला जनरेटर आरतीच्या वेळेला नेमका खोकायचा आणि बंद पडायचा. सेल्फस्टार्टचा, बऱ्यापैकी मोठा. एका मेकॅनिकने दोनदा कार्ब्युरेटर उघडला, प्लग बदलला, पैसे घेतले. पुढच्या संध्याकाळी पुन्हा तेच. शेवटी पोरं माझ्याकडे आली. अशा इंजिनांच्या कार्ब्युरेटरखाली पेट्रोल अडवणारा एक सोलेनॉइड असतो. त्याला 12 व्होल्ट मिळत राहिले तर जेट, म्हणजे पेट्रोल जायचं बारीक भोक, उघडा, वीज गेली की बंद. त्याच्या वायरीला कुणीतरी थिंबल लावून वर छान चकचकीत डाख दिला होता. बाहेरून दृष्ट लागावी असं काम. मी वायर दोन बोटांत धरून हळूच वाकवली, तर डाखापासून चार-पाच मिमीवर ती मान टाकल्यासारखी लुळी पडली. रबर शाबूत होतं, आतलं तांबं तुटलेलं. इंजिन थरथरलं की टोकं कधी टेकायची, कधी सुटायची.

असं का होतं? डाख वितळला की वातीत तेल चढावं तसा तो रबराखालून तारांमध्ये चढतो. जिथपर्यंत चढतो तिथपर्यंत वायरीची सळई होते आणि पुढे मऊ तार. 50 हर्ट्झच्या साध्या जनरेटरचं इंजिन मिनिटाला 3000 फेरे मारतं, म्हणजे सेकंदाला 50. ते सगळं थरथरणं सळई संपते त्या एका रेषेवर येतं. टीव्ही-रेडिओच्या बोर्डावर डाख द्या, माझी हरकत नाही. तिथे काही हलत नाही. आणि बिनडाखाची जोडणी हे माझं पुस्तकी खूळ म्हणाल, तर 1941 मध्ये अमेरिकेत एअरक्राफ्ट-मरीन प्रॉडक्ट्स नावाची कंपनी विमानं आणि जहाजांसाठी नेमके असेच जोड करायला निघाली होती. त्यांनाही विचारा, हातात कधी पकड धरली होती का.

‘मूठभर थिंबलं’ म्हणता, त्या मुठीत काय असतं? निळी, लाल, पिवळी, हाताला येईल ती. रंग शोभेला नसतो हो. लाल साधारण 0.5 ते 1.5 चौरस मिमी वायरीला, निळं 1.5 ते 2.5 ला, पिवळं 4 ते 6 ला. एक चौरस मिमीच्या वायरीवर पिवळं थिंबल चढवलंत तर कितीही दाबा, ते पायात वडलांचा बूट घातल्यासारखंच राहणार. तसंच 4.8 च्या जिभेवर, म्हणजे चपट्या पात्यावर, 6.3 ची फीमेल (त्यावर सरकणारी पिन) बसते, पण चावत नाही. माझी साधी परीक्षा आहे. पिन जिभेवर सरकवताना अंगठ्याला जोर लागला पाहिजे. पहिल्याच वेळी लोण्यासारखी गेली तर ती टाकून द्यायची, पकडीने तोंड चेपून पुन्हा वापरायची नाही. चार्जिंगच्या वायरीतून 10 अँपिअर जात असतील आणि ढिल्या पिनेत 0.05 ओहमचा अडथळा असेल, तर तिथे 5 वॅट उष्णता निघते. देवघरातला छोटा बल्ब त्या नखाएवढ्या जागेत सतत जळतोय असं समजा. मग कपलर, म्हणजे पिना बसवायचं प्लास्टिकचं घर, तपकिरी पडतो, आणि तुम्ही गिऱ्हाइकाला सांगता, प्लास्टिक डुप्लिकेट होतं.

औजार महाग आहे म्हणता. ठीक आहे, महाग आहे. मीही हप्त्याहप्त्याने जमवलं. त्यावर मला जास्त बोलायचं नाही.

कंपनीची पिन सुटी मिळत नाही म्हणता. शोधणाऱ्याला मिळते. महाराणी रोडवर नाही मिळाली तर मी भंगारातला जुना हार्नेस घेते आणि त्यातून पिना काढते. छत्रीची मोडकी काडी ठोकून चपटी केली आहे. ती कपलरच्या तोंडातून आत घालायची, पिनेची कुलपाची जीभ दाबायची आणि मागून वायर ओढायची. पिन दुसऱ्या कपलरमध्ये घालताना ती जीभ सुईने पुन्हा उचलायला विसरू नका, नाहीतर पिन मागे सरकते आणि बाहेरून सगळं जागच्या जागी दिसतं. वापरलेली पिन नव्यासारखी नसते, हे तुम्ही लिहायच्या आत मीच लिहून टाकते. म्हणजे तुमच्या त्या मुद्द्यात थोडं तथ्य असेलही. पण तो तुम्ही नीट मांडला असता तर मी त्यावर वेगळा लेख लिहिला असता. तुम्हाला पकडीत जास्त रस होता.

मंडपातली ती तुटकी वायर डाखासकट माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. बघायची असेल तर या, चहा होईल. तुम्ही कुठले मेकॅनिक आहात तेही कळेल, कारण अजून तुम्ही तुमचं नावसुद्धा लिहिलेलं नाही.

किल वायरची ओळ आज दुपारी बदलली. बाकीचा लेख आहे तसाच राहील.