क्रोमियमचा कोड खुला असला, तरी ब्राउझरांच्या स्पर्धेची गरज संपत नाही

नागपुरातील इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. गुगलचे क्रोम हे ब्राउझर ओपन सोर्सच आहे, म्हणजे त्याचा कोड सर्वांना खुला आहे, एज आणि ऑपेरा हे ब्राउझरही त्याच्याच इंजिनवर (वेबपान उघडून दाखवणाऱ्या मूळ यंत्रणेवर) चालतात, म्हणजे ओपन सोर्स जिंकले; आता वेबसाइट एकाच इंजिनवर तपासली की पुरे, आणि गुगलच्याच पैशावर जगणाऱ्या फायरफॉक्सची गरज उरलेली नाही, असा त्याचा आशय आहे.

यातले पहिलेच विधान चुकीचे आहे. ओपन सोर्स आहे तो क्रोमियम हा प्रकल्प; त्यात स्वतःचे भाग घालून गुगल जे क्रोम देते, ते वेगळ्या अटींखालचे मालकीचे उत्पादन आहे. क्रोमच्या मेनूतील ‘मदत’मधून त्याच्या माहितीचे पान उघडले, तर क्रोमियम या ओपन सोर्स प्रकल्पामुळे क्रोम शक्य झाले, एवढेच तिथे लिहिलेले दिसते. मार्च २०२१ मध्ये गुगलने क्रोमियमवर बेतलेल्या इतरांच्या ब्राउझरांना आपली सिंक सेवा बंद केली, तेव्हा कोड पूर्वीइतकाच खुला होता, पण गुगल खात्यातले बुकमार्क आणि पासवर्ड त्या ब्राउझरांत आणण्याची सोय गेली.

एज आणि ऑपेरा यांनी हे इंजिन घेतले, हे खरे आहे. ऑपेराने २०१३ मध्ये स्वतःचे प्रेस्टो हे इंजिन सोडले आणि जानेवारी २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टचे एजही क्रोमियमवर आले. मात्र कोडची प्रत घेण्याचा हक्क आणि त्या कोडची दिशा ठरवण्याची ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गुगलने एक्स्टेन्शनसाठी, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्रामांसाठी, मॅनिफेस्ट व्ही३ ही नवी नियमावली आणली आणि जुनी पद्धत मोडीत काढली, तेव्हा जाहिराती रोखणारे यूब्लॉक ओरिजिन त्याच्या पूर्ण रूपात क्रोमवर चालेनासे झाले. क्रोमियमवरच्या इतर ब्राउझरांपुढे तो बदल स्वीकारणे किंवा जुनी सोय स्वखर्चाने टिकवणे, एवढेच मार्ग उरले.

एकाच इंजिनवर तपासण्याचा सल्ला तर आजही अपुरा आहे, कारण भारतात आयफोनवरचे क्रोमसुद्धा ॲपलच्या वेबकिट या इंजिनवरच चालते. सीताबर्डीतल्या दुकानात फॉर्म भरायला आलेल्या मुलीच्या आयफोनवर ‘सबमिट’चे बटण दबलेच नाही, तर शेवटच्या तारखेला तिने काय करायचे? शिवाय एका ब्राउझरचे वर्चस्व आपण पाहिलेले आहे. इंटरनेट एक्सप्लोरर ६ हे २००१ मध्ये आले आणि पुढची आवृत्ती थेट २००६ मध्ये. त्या मधल्या काळात, २००४ मध्ये, फायरफॉक्स आले नसते, तर मायक्रोसॉफ्टला हलण्याचे फारसे कारण नव्हते.

फायरफॉक्सच्या पैशाबद्दलचा मुद्दा खरा आहे आणि मला तो काळजीचाही वाटतो. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा गुगलशी झालेल्या सर्चच्या करारातून येतो. परंतु गेको हे इंजिन मोझिला स्वतः घडवते, आणि मॅनिफेस्ट व्ही३ स्वीकारतानाही तिने जाहिराती रोखणाऱ्या एक्स्टेन्शनना लागणारी जुनी सोय फायरफॉक्समध्ये चालू ठेवली. त्यामुळे यूब्लॉक ओरिजिन तिथे आजही पूर्ण ताकदीने चालते.