साडेसातशे किलोंचा नाद

२००९ च्या गणपतीच्या आधी मी माझी मारुती झेन विकली. ४८ हजारांना. घेणारा इचलकरंजीचा होता. त्यानं पैसे मोजून दिले, आरसा नीट केला आणि माझ्यादेखत गाडी पहिल्या गिअरमध्ये बंद पाडली. तिचा क्लच किती वर धरतो हे सांगायचं राहूनच गेलं होतं. खिडकीपाशी जाऊन सांगितलं, गाडी गेली, मी घरात येऊन जेवलो. रडलो वगैरे नाही. पोरगं वर्षाचं होतं, आणि इतक्या खाली बसलेल्या गाडीतून आईला गुडघ्यांमुळं उठता येत नव्हतं. विकायला दोन्ही कारणं पुरेशी होती.

आता पोरगं सतरा वर्षांचं आहे. दारात उंच, पांढरी, टर्बोवाली गाडी उभी आहे. तिला सनरूफ आहे आणि ते वर्षातनं दोनदा उघडतं. आणि मी रोज रात्री जेवण झाल्यावर मोबाइलवर जुन्या झेनच्या जाहिराती बघत बसतो. 'सिंगल ओनर, डॉक्टर यूज्ड' असं लिहिलेल्या. (महाराष्ट्रातल्या डॉक्टरांनी एवढ्या झेन कधी वापरल्या असतील, हा वेगळा विषय.)

ज्यांना झेन म्हणजे मावशीनं मंडईला न्यायची गाडी एवढंच आठवतं, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. १९९३ ला आली. ९९३ सीसी, चार सिलिंडर, ५० हॉर्सपॉवर. ५० म्हणजे काहीच नाही, हे मलाही कळतं. पण वजन होतं साधारण साडेसातशे किलो, आणि इंजिन पूर्ण ॲल्युमिनियमचं. मी पोटापाण्यासाठी कास्टिंगच्याच, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या धंद्यात आहे, त्यामुळं त्या इंजिनचा ब्लॉक पहिल्यांदा उघडा बघितला तेव्हा बराच वेळ नुसता हात फिरवत बसलो होतो. हीच गाडी इथनं बोटीत बसून युरोपात जायची आणि तिथं 'सुझुकी अल्टो' या नावानं विकली जायची. बसलं की बूड जमिनीला टेकल्यासारखं वाटायचं आणि चारही कोपरे कुठं आहेत ते न बघता कळायचं.

"पण ही स्पोर्ट्स कार कुठाय?" असं विचारणारे येतीलच. तसं बघितलं तर खरीखुरी छोटी, दोन सीटची, टप उघडणारी गाडी आपल्या शेजारीच बनली होती, गोव्यात. सॅन स्टॉर्म. फायबरची बॉडी, रेनॉचं ११४९ सीसीचं इंजिन, साठएक हॉर्सपॉवर. मी आयुष्यात दोनच बघितल्या, त्यातली एक पणजीला, आणि तिच्यामागं दोन किलोमीटर उगाच गेलो होतो. पण ती विकत घेणं आमच्यासारख्यांच्या हिशेबात कधी बसलंच नाही. मग कोल्हापुरातल्या पोरानं काय करायचं? जुनी झेन घ्यायची आणि उद्यमनगर गाठायचं.

शिवाजी उद्यमनगर ज्यांनी बघितलं नाही त्यांना कसं सांगू. एका गल्लीत लेथ, पुढच्या गल्लीत ग्राइंडिंग, तिसरीकडं वेल्डिंग, कोपऱ्यावर चहा. कागदावर पेन्सिलनं काढून द्या, संध्याकाळी वस्तू हातात. आमचे मिस्त्री तिथंच बसायचे. त्यांना सगळे मामा म्हणायचे. शाळा सातवीपर्यंत, पण इंजिनचा आवाज ऐकून किती नंबरच्या सिलिंडरमध्ये काय झालंय ते सांगायचे, आणि दहातनं नऊ वेळा बरोबर असायचे. दहाव्या वेळी म्हणायचे, "पेट्रोलात भेसळ हाय."

मी २००१ मध्ये १९९६ ची कार्ब्युरेटरवाली गाडी घेतली आणि पहिला गाढवपणा महिन्याभरात केला. गाडी खाली बसवायची होती, चांगल्या स्प्रिंगा घ्यायला पैसे नव्हते, म्हणून मूळच्या स्प्रिंगा प्रत्येकी दीड वेढा कापून घेतल्या. मामांकडं नाही, दुसरीकडं. मामांनी नकोच म्हणून सांगितलं होतं. दिसायला गाडी झक्कास झाली. रंकाळ्यावर दोन चकरा मारल्या, लोक वळून बघत होते. तिसऱ्या दिवशी एका स्पीडब्रेकरवर चाक हवेत लोंबलं, स्प्रिंग आपल्या जागेवरनं सुटून खडखडली, आणि मी मान खाली घालून मामांकडं गेलो. ते म्हणाले, "स्प्रिंग कापली की आखूड होती तशी कडकबी होती. तुझा शॉकॲब्सॉर्बर जुनाच, त्याला ती आवरणार कशी?" मग आठ महिने पैसे साठवून नीट, मापाच्या स्प्रिंगा आणि शॉकॲब्सॉर्बर घातले. गाडी खाली करणं आणि गाडी वळणावर बसवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या आठ महिन्यांनी शिकवलं.

टायर रुंद घातले, पण तेरा इंचीच. पॉवर स्टिअरिंग नव्हतं, त्यामुळं पार्किंगला दंड भरून यायचे, पण गाडी हलली की रस्त्यातला खडान्‌खडा तळहाताला सांगायची. मग हेड, म्हणजे इंजिनचं वरचं झाकण, उघडलं. पोर्ट, म्हणजे हवा आत यायच्या आणि धूर बाहेर जायच्या वाटा, घासून गुळगुळीत केले आणि हेडचा तळ थोडा घासून कॉम्प्रेशन वाढवलं. मला आणखी हवं होतं. मामांनी हात आखडता घेतला, आणि तेही बरोबरच निघालं. एवढ्यावरसुद्धा इंजिन चढावर ठोकायला लागलं, तेव्हा डिस्ट्रिब्युटर ढिला करून ठिणगीचं टायमिंग केसभर मागं घ्यावं लागलं. मग कार्ब्युरेटरला पेट्रोलचा मोठा जेट, मोकळा एअर फिल्टर आणि मागं उद्यमनगरातच वेल्ड करून घेतलेला सायलेन्सर. बाबा पहिल्यांदा आवाज ऐकून बाहेर आले आणि म्हणाले, "ट्रॅक्टर कुणाचा आलाय?"

एवढं सगळं करून किती हॉर्सपॉवर वाढली असेल? खरं सांगू, पाच-सहा. फार तर. ॲव्हरेज मात्र अठरावरनं तेरावर आलं, ते निश्चित मोजलंय. रॅलीतली मंडळी झेनमध्ये मारुतीच्याच एस्टीमचं १२९८ सीसीचं इंजिन बसवायची. दोन्ही इंजिनं सुझुकीच्या एकाच 'जी' कुळातली, त्यामुळं नातं जुळायचं. ते माझं राहिलं. एकदा इंजिन बघूनही आलो होतो सांगलीला, पण त्या महिन्यात साखरपुडा ठरला.

आणि मग गगनबावडा. रविवारी पहाटे साडेपाचला निघायचं. बालिंगा सुटलं की कळे, साळवण, असळज. गळीत हंगाम असला तर ट्रॉल्यांच्या मागं धीर धरायचा, नसला तर रस्ता आपलाच. गगनबावड्यात धुक्यात चहा, आणि मग करूळ घाट उतरून वैभववाडी, तिथनं परत वर. तिसरा, दुसरा, परत तिसरा. वळणाच्या आधी ब्रेक, टाच हळूच ॲक्सिलरेटरवर, गिअर खाली, आणि ते नाक आत शिरायचं. स्पीडोमीटर बघितला तर काटा साठवर. हे मला लोकांना पटवून देता येत नाही. साठ! आत्ताची माझी गाडी हायवेला एकशे दहावर असते तेव्हा मला झोप येते. झेनमध्ये साठला मी पूर्ण जागा असायचो, आणि पोलिसांनी थांबवलं असतं तरी वेगाबद्दल काही बोलायला नव्हतं. (सायलेन्सरबद्दल बोलले असते. बोललेही.)

परवा त्याच घाटानं आत्ताच्या गाडीतून गेलो. ताकद झेनच्या दुपटीहून जास्त. पण वजनही बाराशेच्या आसपास, आणि आपण बसलोय माळ्यावर. स्टिअरिंग एका बोटानं फिरतं, त्यातनं काही कळत नाही. एकदा तर मधली रेघ ओलांडली म्हणून तिनं स्वतःच स्टिअरिंगला हिसका दिला. अगं, समोरनं एसटी येतीय, मला माहितीय मी काय करतोय! घरात मी जे ऐकून घेतो ते गाडीत पण ऐकायचं म्हणजे जरा जास्त होतं.

आता मुद्द्याचं. अशी गाडी नवी का मिळत नाही, याचं उत्तर मी बरीच वर्षं एकाच वाक्यात देत होतो: टॅक्स. २००६ च्या अर्थसंकल्पात लहान गाडीची व्याख्या ठरली. लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत. अशा गाडीचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ वर आलं. त्या रेषेनं पुढची सगळी वर्षं आखली. स्विफ्ट २००५ ला आली तेव्हा १२९८ सीसीची होती, २०१० ला ११९७ ची झाली. आज जीएसटीत त्या रेषेच्या आत १८ टक्के आणि बाहेर ४०. म्हणजे उद्या कुणी साडेसातशे किलोंची, एस्टीमच्या इंजिनाएवढ्या इंजिनाची, दोन दारांची गाडी काढली, तर ९८ सीसी जास्त आहेत म्हणून तिला आलिशान गाड्यांच्या रांगेत उभं करणार. गाडीचं वजन कुणी विचारत नाही. रस्ता वजनानं खचतो, पेट्रोल वजनानं जळतं, पण मोजायची लांबी आणि सीसी.

हे मी पोटतिडकीनं सांगायचो. मग एकदा पोरानंच मला गप्प केलं. म्हणाला, "बाबा, जपानमध्ये तर ६६० सीसीची मर्यादा आहे. तिथं कशा निघाल्या?" आणि खरंच की. जपानची केई, म्हणजे तिथल्या सगळ्यात छोट्या गाड्यांची चौकट आपल्यापेक्षा कितीतरी घट्ट: ६६० सीसी, ६४ हॉर्सपॉवर. त्या चौकटीत १९९१ मध्ये होंडानं बीट काढली आणि सुझुकीनं कॅपुचिनो. कॅपुचिनो म्हणजे सातशे किलोंच्या आसपास, छोटा टर्बो, ताकद मागच्या चाकांना, दोन सीटा. तीच सुझुकी, जिनं आपल्याला झेन दिली. म्हणजे रेषेनं गाडी मारली नाही. रेषेच्या आत राहून आपण मागितलं काय? उंची. चार मीटरच्या आत जेवढी उभी बसेल तेवढी एसयूव्ही.

आणि ती मागणाऱ्यांत मीही होतो, हे कबूल करायला पाहिजे. लग्नाला जायचं तर गाडी "दिसली" पाहिजे. माझ्या मेव्हण्यानं छोटी हॅचबॅक घेतली तेव्हा "धंदा बरा चाललाय ना?" असं मीच विचारलं होतं. स्विफ्टची 'स्पोर्ट' आवृत्ती परदेशात विकली गेली, इथं कधी आली नाही. आली असती तर घेतली असती का? बढाया मारल्या असत्या, आणि शेवटी उंच गाडीच बुक केली असती. चाकणला बनणारी फोक्सवॅगनची पोलो जीटी घेता आली असती तेव्हाही मी घेतली नाही. २०२२ ला पोलो बंद झाली तेव्हा मात्र मोठी हळहळीची पोस्ट लिहिली होती, इथंच, काहींना आठवत असेल. २०२५ ला मजेची हॅचबॅक म्हणून गोल्फ जीटीआय आणली, तर किंमत ५३ लाखांच्या घरात. त्या पैशात गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कारखान्याची शेड होईल.

राहिला मॉडिफिकेशनचा प्रश्न. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळी होईल अशी गाडी बदलता येणार नाही. त्याच वर्षीच्या मोटार वाहन कायद्याच्या दुरुस्तीनं मालकाला प्रत्येक बदलामागं पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. माझ्या झेनचा हिशेब केला, तर गाडी विकून आलेले बहुतेक पैसे दंडातच गेले असते. कायदा का आला ते मला समजतं. कापलेल्या स्प्रिंगेवर मी स्वतः फिरलोय. तेव्हा समोर कुणी असतं तर? आणि रात्री दोनला सायलेन्सर फोडत जाणाऱ्या पोरांना माझ्याकडनं काडीची सहानुभूती नाही. पण डिकीत सीएनजीची टाकी बसवायला रीतसर मार्ग आहे, तपासणी आहे, आरसीवर नोंद आहे. तसाच एक मार्ग चांगल्या शॉकॲब्सॉर्बरला, चांगल्या ब्रेकला का नको? तपासा, शिक्का मारा, फी घ्या. ज्या गावातली पोरं कार्टिंगच्या ट्रॅकवरून देशपातळीच्या शर्यतीत गेली, त्या गावातल्या लेथवाल्याला हे काम उजळ माथ्यानं करता यावं, एवढंच म्हणणं आहे.

तोवर मी काय करणार? स्प्रिंगा मापाच्या, उंची मूळची, सायलेन्सर कंपनीचा. बाकी इंजिन आतनं किती स्वच्छ आणि किती तोलून बांधायचं याला कुणाची हरकत नसावी. एअरबॅग नाही, एबीएस नाही, पत्रा पापडासारखा. त्यामुळं ही गाडी पोराच्या हातात जाणार नाही आणि हायवेला जाणार नाही, असं घरात लिहून द्यायला तयार आहे. वीस वर्षांवरच्या गाडीच्या फेरनोंदणीला आता दहा हजार लागतात, तेही धरलेत.

गडहिंग्लजला एक मिळाली आहे. १९९८ ची, निवृत्त मास्तरांची, दोन वर्षं सुरू केलेली नाही, म्हणून दोन लोक बघून परत गेलेत. मामांना फोन केला. सत्तरी उलटली, दुकान आता मुलगा बघतो. मॉडेल सांगितल्यावर जरा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "इंजिनचं बघता येतंय. तू मॅट उचलून खालचा पत्रा बघ. स्क्रू ड्रायव्हर घेऊन जा, आणि जिथं रंग फुगलाय तिथं दाब. आत गेला तर चहा पिऊन परत ये."

रविवारी जातोय. स्क्रू ड्रायव्हर पिशवीत टाकलाय. बायकोनं विचारलं कुठं, तर म्हटलं, गडहिंग्लजला एका मास्तरांना भेटायचंय.