पेनड्राइव्ह जिंकला, पण सिद्ध काय झाले?

गगनबावड्याच्या स्टँडवरून ६४ जीबीचा पेनड्राइव्ह खिशात घालून एसटीत बसलेला माणूस दीड तासात कोल्हापूरला पोचतो, तेवढीच माहिती इंटरनेटवरून पाठवायला मात्र आख्खा दिवस पुरत नाही. सबब खेड्यातले इंटरनेट नसल्यात जमा आहे आणि फायबरवरचा खर्च पाण्यात गेला, अशा आशयाचा संदेश सध्या मोबाइलवरून फिरतो आहे. दाखला म्हणून त्याला दक्षिण आफ्रिकेतल्या एका कबुतराची हकिगत जोडलेली असते. यातले आकडे बहुतांशी खरे आहेत, निष्कर्ष मात्र टिकणारे नाहीत.

आधी कबुतराचे पाहू. २००९ साली डर्बनजवळ विन्स्टन नावाच्या कबुतराने ४ जीबीचे कार्ड सुमारे ८० किलोमीटर वाहून नेले, आणि कबुतराचे काम संपले तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून चालणाऱ्या एडीएसएल जोडणीवरून जेमतेम ४ टक्के माहिती गेली होती, हे खरेच आहे. परंतु कबुतर उडाले १ तास ८ मिनिटे, आणि कार्डावरची माहिती संगणकात उतरेपर्यंत एकूण झाली जवळजवळ २ तास ७ मिनिटे. संदेश लिहिणाऱ्याने उड्डाण तेवढे मोजले.

एसटीच्या हिशेबातही तीच गफलत आहे. स्वस्तातला पेनड्राइव्ह सेकंदाला १० एमबीच्या आसपास लिहितो, म्हणजे ६४ जीबी भरायला त्याला पावणेदोन तास लागतात. तो भरून होईतो गाडी कोल्हापूरला पोचलेलीही असते. कोल्हापुरात तो रिकामा करण्याचा वेळ निराळा, आणि गाडी चुकली तर पुढच्या गाडीची वाट पाहणे आलेच. अर्थात एवढे सगळे धरूनही, अपलोडचा वेग ५ एमबीपीएस (सेकंदाला ५ मेगाबिट; एका एमबीत आठ मेगाबिट) असेल तर इंटरनेटला २८ तासांहून अधिक लागतात आणि एसटीच जिंकते, हे मान्य केले पाहिजे.

पण जिंकून सिद्ध काय होते? पेनड्राइव्हच्या जागी १ टीबीची हार्ड डिस्क ठेवली, तर केवळ प्रवासाच्या वेळेत तिची बरोबरी करायला सुमारे १,५०० एमबीपीएस वेग लागेल. म्हणजे कोल्हापुरातल्या राजारामपुरीत गीगाबिट (१,००० एमबीपीएस) जोडणी घेतलेल्या गृहस्थालाही एसटी हरवील, म्हणून राजारामपुरीत इंटरनेट नाही असे कोणी म्हणेल काय? २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कृष्णविवराच्या पहिल्या प्रतिमेसाठी जगभरातल्या दुर्बिणींची माहिती हार्ड डिस्कमध्ये भरून विमानानेच आणावी लागली होती, आणि दक्षिण ध्रुवावरच्या डिस्क तर तिथला हिवाळा सरेपर्यंत अडकून पडल्या होत्या. उलट १० एमबीचा एखादा फोटो त्याच ५ एमबीपीएसवर १६ सेकंदांत जातो; तेवढ्यात गाडी स्टँडबाहेरही पडत नाही. शर्यतीचा निकाल माहितीचा आकार निवडणाऱ्याच्या हातात असतो.

लग्नाचे चित्रीकरण करून संकलनासाठी कोल्हापूरला पाठवणाऱ्याने पेनड्राइव्ह जरूर न्यावा, त्यात शहाणपणच आहे. मात्र दुकानात यूपीआयने पैसे देणे, सातबारा काढणे, ओटीपी येणे या गोष्टींत माहिती चिमूटभर असते आणि तिला जाऊन परत यावे लागते. एसटीने गेलेल्या प्रश्नाचे उत्तर परतीच्या गाडीने येणार. शिवाय पावसाळ्यात वाटेवरच्या मांडुकलीला रस्त्यावर पाणी आले की गगनबावड्याची वाहतूक थांबते, याचा त्या संदेशात उल्लेखही नाही.

राहिला फायबरवरचा खर्च. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेणाऱ्या भारतनेट योजनेला २०११ मध्ये निराळ्या नावाने मंजुरी मिळाली तेव्हा प्रत्येक ग्रामपंचायतीपर्यंत १०० एमबीपीएस पोचवण्याचे उद्दिष्ट होते. त्या वेगाने दोन्ही दिशांना माहिती गेली, तर हेच ६४ जीबी ८५ मिनिटांत जातील, म्हणजे एसटी मागे पडेल. संदेशातला दाखला खरे तर फायबरच्याच बाजूने साक्ष देतो. ग्रामपंचायतीपासून घरापर्यंतची जोडणी कोणती, आणि रस्त्याच्या खोदाईत तुटलेली केबल किती दिवसांनी जोडली जाते, यांवरून जाब जरूर विचारावा. तो न विचारता योजनाच निरुपयोगी ठरवणे हा उतावळेपणा आहे.

आणि तक्रार करायचीच, तर तिला नेमकी जागा आहे. २०२३ मध्ये ब्रॉडबँडची व्याख्या बदलून किमान वेग २ एमबीपीएस करण्यात आला, पण तो डाउनलोडचा. संदेशातली सगळी शर्यत अपलोडची आहे, आणि त्या व्याख्येत अपलोडसाठी किमान आकडाच ठरवलेला नाही.