अर्ध्या पाकिटाचे गिऱ्हाईक

बँकेतून निवृत्त झाल्यापासून संध्याकाळी सहा ते आठ मी एका जुन्या मित्राच्या औषधांच्या दुकानात बसतो. सांगली जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडसमोर हे दुकान आहे. काउंटरच्या कडेला सुतळीने बांधलेली एक कात्री असते. ती खोकी उघडण्यासाठी असावी, असे मला पूर्वी वाटत असे. प्रत्यक्षात दिवसभर ती गोळ्यांची पाकिटे कापते. पाकीट कापताना मुदत आणि किंमत छापलेला भाग दुकानदाराकडे राहतो आणि गिऱ्हाइकाच्या हाती येतात त्या नाव नसलेल्या, चंदेरी कागदातल्या चार-पाच गोळ्या.

असे पाकीट कापून मागणाऱ्यांत तरुण क्वचितच असतात. आमच्या गल्लीतले एक तात्या आहेत, वय ७६. सहकारी साखर कारखान्यात फिटर म्हणून त्यांनी तीस वर्षे काढली. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५, म्हणजे लोक ज्याला ‘ईपीएस पंच्याण्णव’ म्हणतात, तिच्यातून त्यांना महिन्याला १,६४० रुपये मिळतात. रक्तदाबाची, मधुमेहाची, कोलेस्टेरॉलची आणि प्रोस्टेटची अशा त्यांच्या गोळ्यांचे महिन्याचे बिल सुमारे २,१५० रुपये होते. मुलगा पुण्याजवळच्या एका कारखान्यात कंत्राटी कामावर आहे. तो जमेल तेव्हा पैसे पाठवतो आणि जमत नाही तेव्हा तात्या मागत नाहीत.

गेल्या महिन्यात ते आले आणि म्हणाले, “अण्णा, पाचच काप. पेन्शन झाली की बाकीच्या नेतो.”

मित्र म्हणाला, “तात्या, बीपीची गोळी आहे. खाडा करू नका.”

“खाडा कुठं करतोय? एक दिवसाआड घेतो. बीपी काय रोज असतंय व्हय?”

दुकानातले दोघे-तिघे हसले. मीही हसलो, आणि घरी जाताना मला त्या हसण्याची लाज वाटली, कारण तात्यांचा हिशेब मी नीट पाहिला होता. प्रोस्टेटची गोळी ते महिन्याची पूर्ण घेतात. ती चुकली तर रात्री पाच वेळा उठावे लागते. साखरेची गोळीही बहुतेक पूर्ण घेतात. कात्री चालते ती रक्तदाबाच्या आणि कोलेस्टेरॉलच्या गोळीवर, कारण त्या न घेतल्याने त्या दिवशी काहीही दुखत नाही. अडाणीपणा यात नाही. ज्याच्याकडे पैसे कमी आहेत तो दुखणाऱ्या गोष्टीवर आधी खर्च करतो, एवढेच. पण पक्षाघात आणि हृदयविकाराचा झटका दूर ठेवण्याचे काम नेमक्या न दुखणाऱ्या आजाराच्या गोळ्या करतात.

वृद्धांसाठीच्या सरकारी योजनांबद्दल माझी तक्रार इथून सुरू होते. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे व त्यावरील प्रत्येक नागरिकाला, उत्पन्नाची अट न लावता, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला कुटुंबामागे पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळते. योजना चांगली आहे. माझ्या ओळखीच्या दोघांच्या शस्त्रक्रिया तिच्यातून झाल्या आहेत. परंतु हे संरक्षण रुग्णालयात दाखल झाल्यावरचे आहे. दाखल होण्यापूर्वीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस एवढ्या काळातील औषधे त्यात येतात. सोळाव्या दिवसापासून रुग्ण आणि औषधांचे दुकान, दोघेच उरतात. तात्यांना उद्या झटका आला तर सरकार लाखभर रुपये खर्च करील, आणि तो येऊ नये म्हणून महिन्याला लागणाऱ्या तीन-चारशे रुपयांची मात्र या योजनेत तरतूद नाही. कर्ज बुडाल्यावर वसुलीला माणसे नेमणारी, पण हप्ता चुकला तेव्हा साधा फोनही न करणारी बँक मी पाहिली आहे. हा कारभार मला त्याच जातीचा वाटतो.

नियमित औषधे देणे सरकारला जमत नाही असेही नाही. केंद्र सरकारच्या निवृत्त कर्मचाऱ्यांना सीजीएचएस या केंद्राच्या आरोग्य योजनेच्या दवाखान्यांतून मधुमेहाची आणि रक्तदाबाची औषधे मिळतात. मुंबई, पुणे, नागपूर येथे ही सोय आहे. कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) योजनेत किमान पाच वर्षे विमाधारक राहून निवृत्त झालेल्या कामगाराला वर्षाला अवघे १२० रुपये भरून पती-पत्नीसाठी ईएसआयच्या दवाखान्यातील उपचार चालू ठेवता येतात, त्यात बाह्यरुग्ण विभागातील औषधेही येतात. ही गोष्ट पुष्कळ निवृत्त कामगारांना ठाऊकही नसते, म्हणून इथे मुद्दाम लिहीत आहे. तात्यांना मात्र तीही वाट बंद आहे, कारण १९४८ च्या ईएसआय कायद्याने हंगामी कारखाने वगळले आणि त्या हंगामी कारखान्यांच्या व्याख्येत साखरेचे नाव स्पष्ट लिहिलेले होते. ज्या उद्योगावर पश्चिम महाराष्ट्राचे राजकारण उभे राहिले, त्यात आयुष्य घालवलेला माणूस निवृत्तीनंतर गोळ्या मोजून घेतो. या एका वाक्यावर आमच्या भागात सभा व्हायला हव्यात; होत नाहीत.

आता उत्पन्नाची बाजू पाहा. ईपीएसचे किमान निवृत्तिवेतन सप्टेंबर २०१४ मध्ये १,००० रुपये ठरले आणि ते वाढवावे म्हणून बुलढाण्यात या निवृत्तांनी वर्षानुवर्षे साखळी उपोषण केले. श्रावणबाळ योजनेचे दरमहा १,५०० रुपये मिळतात. याउलट अत्यावश्यक औषधांच्या यादीतील औषधांच्या किमती घाऊक किंमत निर्देशांकानुसार दर एप्रिलमध्ये वाढवता येतात, आणि ही वाढ २०२२ मध्ये सुमारे १०.८ टक्के व २०२३ मध्ये सुमारे १२.१ टक्के इतकी होती. नंतरच्या दोन वर्षांत ती अगदी किरकोळ झाली हेही खरे, पण वर गेलेली किंमत खाली आली नाही. यादीबाहेरच्या औषधांची किंमत तर कंपनीला वर्षाला दहा टक्क्यांपर्यंत वाढवता येते. महागाई निर्देशांकाशी गोळीचे नाते कायद्याने जोडलेले आहे. ती गोळी ज्यातून घ्यायची त्या पेन्शनचे जोडलेले नाही.

किमतींवर नियंत्रण आहेच की, असे म्हणणाऱ्यांसाठी थोडे तपशिलात जातो. १९७९ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाखाली ३४७ औषधे होती. १९८७ मध्ये ती १४२ झाली आणि १९९५ मध्ये ७४ उरली. २०१३ च्या आदेशाने अत्यावश्यक औषधांची सगळी यादी नियंत्रणाखाली आणली, हे चांगलेच झाले, पण किंमत ठरवण्याची रीत बदलली. पूर्वी उत्पादन खर्च पाहून त्यावर ठरावीक वाढ दिली जाई. आता बाजारात एक टक्का किंवा त्याहून अधिक हिस्सा असलेल्या ब्रँडच्या किमतींची सरासरी काढून त्यावर किरकोळ विक्रेत्याचे १६ टक्के मिळवतात आणि ती कमाल किंमत होते. म्हणजे महाग विकून ज्यांनी बाजार व्यापला, त्यांच्याच किमती सरासरीत बसतात. शिवाय यादीत औषधे बहुतांशी एकेकटी आहेत, आणि चिठ्ठीवर मात्र दोन-तीन औषधे एकत्र केलेल्या गोळ्या असतात. अशा बहुतेक जोडगोळ्या यादीबाहेर राहतात.

किंमत खाली येऊ शकते याचा पुरावा आम्ही काउंटरवरच पाहिला. मधुमेहावरील एम्पाग्लिफ्लोझिन या औषधाचे पेटंट मार्च २०२५ मध्ये संपले आणि सुमारे ६० रुपयांना मिळणारी गोळी काही आठवड्यांत वेगवेगळ्या कंपन्यांकडून दहा-बारा रुपयांना, काहींची त्याहूनही स्वस्त, मिळू लागली. त्याच वर्षी २२ सप्टेंबरपासून बहुतेक औषधांवरील जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. तात्यांच्या बिलात त्याने सव्वाशे-दीडशे रुपयांचा फरक पडतो. मी हा फरक कमी लेखत नाही. सव्वाशे रुपयांत तात्यांच्या घरात आठवड्याचे दूध येते.

सर्वांत विचित्र भाग निवडीचा आहे. भाजी महाग असेल तर माणूस दुसरी भाजी घेतो. औषधाच्या बाबतीत निवडतात डॉक्टर, पैसे देतो रुग्ण, आणि मध्ये बसलेल्या दुकानदाराचे हात कायद्याने बांधलेले असतात. १९४५ च्या औषध नियमांतील ६५ व्या नियमानुसार डॉक्टरांनी एका ब्रँडचे नाव लिहिले असेल, तर शेड्यूल एचमधील, म्हणजे चिठ्ठीवरच मिळणाऱ्या, औषधाच्या जागी तोच घटक असलेला दुसरा ब्रँड दुकानदाराने स्वतःच्या मनाने देता कामा नये. डॉक्टरांनी औषधाचे मूळ नाव लिहावे असा नियम राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये आणला आणि डॉक्टरांच्या संघटनांनी विरोध करताच त्याच महिन्यात तो स्थगित केला.

डॉक्टरांचे म्हणणे मी उडवून लावत नाही. गुणवत्तेची खात्री कोण देणार, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. आपल्याच राज्यात नागपूर जिल्ह्यातील सरकारी रुग्णालयाला पुरवलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्या बनावट निघाल्या आणि तपासाचे धागे राज्याबाहेर पोहोचले, ही फार जुनी गोष्ट नाही. पण महाग ब्रँड म्हणजे हमखास चांगला, हेही सिद्ध झालेले नाही. गुणवत्तेचे उत्तर अन्न व औषध प्रशासनाकडे अधिक निरीक्षक आणि अधिक प्रयोगशाळा हे आहे. त्याचा भुर्दंड पेन्शनरने का भरावा? मी स्वतः एकदा आगाऊपणा करून तात्यांना स्वस्त गोळी घ्यायला लावली. पुढच्या भेटीत डॉक्टर त्यांना म्हणाले, “मग पुढचं काही झालं तर मला विचारू नका.” तात्या त्या दिवसापासून माझ्याशी औषधांबद्दल बोलायचे बंद झाले. ब्रँड पुन्हा जुनाच आला आणि पुन्हा अर्धे पाकीट.

जनऔषधी केंद्रांचा उल्लेख कोणीतरी करणारच, म्हणून तेही सांगतो. देशात अशी पंधरा हजारांहून अधिक केंद्रे झाली आहेत आणि तिथल्या किमती खरोखर कमी आहेत. निम्म्या, काही औषधांच्या बाबतीत पाचव्या हिश्शाच्या. आम्हाला जवळचे केंद्र पंचवीस किलोमीटरवर आहे. तात्यांनी पंच्याहत्तरी ओलांडल्यामुळे एसटीचा प्रवास त्यांना फुकट आहे, ही अमृत योजनेची कृपा. ते दोनदा गेले. पहिल्या वेळी चारपैकी दोन गोळ्या मिळाल्या. दुसऱ्या वेळी “माल आला नाही, सोमवारी या” असे उत्तर मिळाले. फुकट बसने गेलेल्या माणसाचाही दिवस जातो, आणि स्टँडवर एक चहा तरी लागतोच.

राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क आहेत, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या मिळतात, हेही खरे आहे. त्या कधी पंधरा दिवसांच्या मिळतात, कधी आठच दिवसांच्या, आणि दर वेळी वेगळ्या रंगाच्या. एकदा तात्यांनी केंद्रातली गोळी आणि दुकानातली गोळी दोन्ही चार दिवस घेतल्या, कारण दोन्हींची नावे वेगळी होती. अंगणात चक्कर येऊन पडले तेव्हा समजले की औषध एकच होते.

हे सुधारता येते. तामिळनाडूने १९९४ मध्ये औषध खरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ काढले. राज्यभराची मागणी एकत्र करून खरेदी, जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामे आणि प्रत्येक खेपेची तपासणी अशी ती पद्धत आहे. ऑगस्ट २०२१ पासून तिथे रक्तदाब आणि मधुमेहाच्या रुग्णांना घरी जाऊन गोळ्या देण्याची योजना चालू आहे. राजस्थानने २ ऑक्टोबर २०११ पासून सरकारी रुग्णालयांत मोफत औषध योजना सुरू केली, आणि सरकारे बदलली तरी ती बंद करण्याची हिंमत कोणी केली नाही. आपल्याकडे २०२३ च्या कायद्याने वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण झाले आहे. त्याने पहिल्यांदा मोठी यंत्रे न घेता वृद्धांच्या आठ-दहा नेहमीच्या गोळ्या घ्याव्यात, एवढी माझी मागणी आहे. त्या सगळ्या पेटंटमुक्त आहेत, घाऊक भावात काही पैशांपासून एक-दोन रुपयांपर्यंत मिळतात आणि वर्षभर किती लागतील हे आधी सांगता येते. आशाताईंच्या वहीत गावातल्या प्रत्येक रुग्णाचे नाव आहेच. साठीनंतरच्या रुग्णाला एका वेळी दोन महिन्यांच्या गोळ्या, पाकिटावर मराठीत ठळक अक्षरांत औषधाचे मूळ नाव, आणि शक्यतो दर वेळी त्याच रंगाची गोळी. योजनेला कोणाचेही नाव द्या, माझी हरकत नाही.

हे सगळे तात्यांना वाचून दाखवले. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, “ह्यात काकूचं कुठं लिहिलंय?” मग समजले की दीड वर्षापूर्वी गावातल्या शिबिरात काकूंचाही, म्हणजे तात्यांच्या पत्नीचाही, रक्तदाब वाढलेला निघाला होता. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली होती. ती चिठ्ठी देवळीत, रेशन कार्डाच्या पिशवीत आहे, आणि आमच्या दुकानात ती आजवर आलेली नाही.