समर इंटर्नशिप कशी मिळवावी आणि तिथं विज्ञानापासून कसं लांब राहावं

दरवर्षी दिवाळी झाली की मला मेसेज सुरू होतात, दादा समर इंटर्नशिपचं काय करू, दादा स्कॉलरशिपचं काय करू, तुम्ही केलेलं ना सगळं. एकेकाला सांगून बोटं दुखायला लागली म्हणून एकदाच लिहून टाकतोय, हेच फॉरवर्ड करा. बीएस्सीला असा नाहीतर इंजिनियरिंगला, पद्धत तीच आहे. मी सांगतो तसं केलंत तर मे-जून सुखात जातील, सर्टिफिकेट हातात पडेल आणि विज्ञानाचा एक शिंतोडासुद्धा अंगावर उडणार नाही.

पहिली गोष्ट, तारखा स्वतःहून शोधायच्या नाहीत. बंगळुरूची इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस, दिल्लीची इन्सा आणि प्रयागराजची नासी अशा तीन विज्ञान अकॅडम्या मिळून उन्हाळ्यात दोन महिन्यांची फेलोशिप देतात आणि अर्ज साधारण नोव्हेंबरात घेतात. म्हणजे उन्हाळ्याची सोय स्वेटर घालून करायची, आणि ती पण कधी तर आपल्या ओरल-प्रॅक्टिकल तोंडावर असताना, जर्नलवर सही घ्यायला सरांच्या मागे फिरत असताना. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेचा प्रोग्राम वेगळा, मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेचा वेगळा, तारीख वेगळी, फॉर्म वेगळा, एवढं कोण लक्षात ठेवणार. मोठ्या संस्थांच्या होस्टेलवर हे लक्षात ठेवावं लागतच नाही, तिथं मेसमध्ये वरण वाढून घेता घेता सीनियर विचारतो, अरे फॉर्म भरलास का. आपल्याकडे त्यासाठी नोटीस बोर्ड आहे. काचेचा, कुलूपवाला. माझ्या कॉलेजात त्या कुलपाची चावी ज्या मामांकडे असायची ते दिवाळीला गावी गेले की देवदिवाळी करूनच परत यायचे, त्यामुळे फेलोशिपची नोटीस डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात लागायची, खाली प्राचार्यांची सही, जावक नंबर, सगळं व्यवस्थित. वरातीमागून घोडं, पण घोड्यावर शिक्का मारलेला.

आता स्कॉलरशिप. बारावीला बोर्डाच्या वरच्या १ टक्क्यात आलात तर केंद्र सरकारची इन्स्पायर आहे, वर्षाला ८०,००० रुपये, त्यातले ६०,००० तुम्हाला आणि २०,००० उन्हाळ्यात कुणा शास्त्रज्ञाकडे प्रोजेक्ट करण्यासाठी. एकच बारीक अट, बेसिक सायन्सला ॲडमिशन घ्यायची. घाबरू नका, वरच्या १ टक्क्यातल्या पोराला बीएस्सी फिजिक्सला जाऊ देणारं घर शोधून सापडत नाही. आत्या, काका, सोसायटीचे सेक्रेटरी सगळे मिळून त्याला कॉम्प्युटरला घालतात आणि मग तोच मुलगा सेकंड इयरला मला विचारतो, दादा इन्स्पायरचा फॉर्म इंजिनियरिंगला चालतो का. त्यापेक्षा केव्हीपीवायची तयारी करा. १९९९ पासूनची चांगली स्कॉलरशिप होती, २०२२ मध्ये ती बंद करून इन्स्पायरमध्ये मिसळली, त्यामुळे आता तिच्यात नापास व्हायची भीती नाही. आमच्या चौकातल्या एका क्लासच्या बोर्डवर ती अजून आहे, फी पण आहे.

इंजिनियरिंगवाल्यांनी महाडीबीटी, म्हणजे राज्य सरकारचं स्कॉलरशिपचं पोर्टल, करायचं. घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या योजनेत निम्मी ट्यूशन फी मिळते, मुलींना २०२४-२५ पासून पूर्ण. तर तुमचं खरं संशोधन इथं होतं, लॅबमध्ये नाही. उत्पन्नाचा दाखला अपलोड करायचा आणि फाइल पाहिजे २५६ केबीच्या आत. लहान केली की अक्षर पुसट, अर्ज सेंट बॅक. मोठी केली की अपलोडच होत नाही. तहसीलदारांची सहीपण वाचता यावी आणि फाइलपण २५६ केबीच्या आत बसावी असा एक बिंदू निसर्गात आहे, मला तो आठव्या प्रयत्नात सापडला, सायबर कॅफेवाल्यानं माझं अभिनंदन केलं आणि पानाला दहा रुपये घेतले. पुढं अर्ज मंजूर झाला, व्हाउचर रिडीम केलं, पैसे आधारला जोडलेल्या खात्यात गेले, आणि आधारला जोडलेलं खातं निघालं सातवीत गावच्या बँकेत शाळेनं उघडून दिलेलं, बंद पडलेलं. त्यानंतर चार वेळा एसटीनं गावी गेलो. आजीला वाटलं पोराला आपली ओढ लागली.

पण हे सगळं झालं घरगुती, मोठी कला म्हणजे मेल. १९२४ साली ढाक्याहून सत्येंद्रनाथ बोसांनी आइन्स्टाइनला पत्र लिहिलं, ओळख ना पाळख, सुरुवात अगदी आपल्यासारखी, रिस्पेक्टेड सर. पण बोसांनी एक घोळ घातला, सोबत स्वतःचा पेपर जोडला. मग काय, आइन्स्टाइनला तो वाचावा लागला, वाचल्यावर आवडला, मग स्वतः बसून जर्मनमध्ये भाषांतर करून छापायला द्यावा लागला. केवढा त्रास म्हाताऱ्याला, म्हणजे तेव्हा म्हातारा नव्हता तो, पण तरी. पुढं बोसांच्या नावानं इकडच्या पोरांना उन्हाळ्यात अमेरिकेत रिसर्चला पाठवणारा स्कॉलर्स प्रोग्राम निघाला, त्याला अर्ज करणाऱ्यांनी तरी बोसांची चूक परत करू नये. मेलमध्ये विषयाचं काही नको. रिस्पेक्टेड सर घ्या, तुमच्या संशोधनानं मी अतिशय प्रभावित झालो आहे हे घ्या, बाकी टेम्प्लेट तेच ठेवून फक्त नाव बदला. नाव वेबसाइटवरून कॉपी करून चिकटवायचं म्हणजे ते वेगळ्या फॉन्टमध्ये, दोन नंबरनं मोठं आणि किंचित निळं येतं, प्रोफेसरला लगेच कळतं की हा मुलगा किती मनापासून लिहितोय. आमच्या रूमवर एकानं याच्याही पुढं जाऊन १६० जणांना एकच मेल पाठवला, सगळे पत्ते सीसीमध्ये, कानपूरपासून गुवाहाटीपर्यंत सगळे सर एकमेकांना दिसतायत. एका सरांनी रिप्लाय ऑल करून उत्तर दिलं, की सहकारी मित्रांनो, याला आपल्यापैकी नक्की कुणी प्रभावित केलं ते एकदा ठरवून घेऊ. तो मुलगा आज बँकेत आहे, चांगला आहे.

जर्मनीला जायचं असेल तर डाड या जर्मन संस्थेची वाइज म्हणून स्कॉलरशिप आहे. तिथं आधी तिकडच्या प्रोफेसरचं होकाराचं पत्र तुम्ही आणायचं, मग अर्ज. म्हणजे पोरगी तुम्ही पटवा, हॉलचं भाडं आम्ही बघतो.

स्टेटमेंट ऑफ पर्पजमध्ये, म्हणजे मला हे का करायचंय या निबंधात, लहानपणापासून सुरुवात करायची. लहानपणी गच्चीवर झोपून तारे बघताना मला प्रश्न पडायचे, हे वाक्य आलंच पाहिजे, अर्ज पॉलिमरच्या लॅबला असला तरी. नमनाला घडाभर तेल, आणि अर्ध्या पानानंतर शब्दमर्यादा संपल्यामुळे नेमकं काय करायचंय ते लिहायचं राहून जातं, तेच बरं असतं कारण ते आपल्यालापण माहीत नसतं.

शिफारसपत्राचं मात्र नीट ऐका. पत्र सर लिहीत नाहीत, पत्र तुम्ही लिहायचं. स्वतःबद्दल हा विद्यार्थी अत्यंत जिज्ञासू आहे असं टाइप करताना पहिल्यांदा जरा लाज वाटते, तिसऱ्या पत्राला मी माझ्या चाळीस वर्षांच्या अध्यापनात असा विद्यार्थी पाहिला नाही इथपर्यंत गेलो होतो, सरांचं वय अडतीस. सरांनी न वाचता पेन उघडलं आणि विचारलं, नाव काय रे तुझं? आता तर कागदपण चालत नाही, सरांच्या मेलवर लिंक येते, ती त्यांनीच उघडून अपलोड करायचं. सरांचा कॉलेजचा मेल सरांनी जॉइन झाल्यापासून उघडलेला नसतो, पासवर्ड लॅब असिस्टंटला माहिती, ओटीपी सरांच्या मोबाइलवर, आणि सर दुसऱ्या जिल्ह्यात एक्स्टर्नल म्हणून गेलेले. मी त्यांना फोन केला तेव्हा मागून जेवणाच्या ताटांचे आवाज येत होते, सर ओटीपी सांगत होते आणि कुणीतरी त्यांना आग्रह करत होतं, सर अजून एक पुरणपोळी. सहा आकड्यांतला चौथा आकडा पुरणपोळीत गेला. लिंक रात्री बाराला बंद झाली.

यातलं काहीच जमलं नाही तर पैसे भरून इंटर्नशिप मिळते. घरबसल्या चार आठवडे, रेकॉर्ड केलेले व्हिडिओ, शेवटी क्यूआर कोडवालं सर्टिफिकेट. लोक नावं ठेवतात पण मला ही पद्धत प्रामाणिक वाटते, यात निदान कुणी तारे बघितल्याचं खोटं बोलत नाही.

आणि समजा चुकून खरीच मिळाली, तर. मला एका संस्थेत मिळाली, नाव सांगत नाही, स्टायपेंड पुढच्या जानेवारीत आला एवढंच सांगतो. तिथं गेल्यावर कळतं की गाइड मे महिन्यात देशात नसतात, त्यांचा परिषदांचा सीझन असतो, आंब्यासारखा. तुम्हाला एका पीएचडीवाल्याच्या ताब्यात देतात. त्याची जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, २०२३ पासून कागदावर महिन्याला ३७,००० आहे, खात्यात कधी येते ते त्याला विचारायचं नाही, ज्या दिवशी तो स्वतःहून चहा पाजतो त्या दिवशी आली समजायचं. त्याच्यामागे शांत बसायचं, मान हलवायची, वायफायचा पासवर्ड घ्यायचा. साठ दिवस असेच जातात. माझ्याकडून इथं चूक झाली, तुमच्याकडून होऊ नये म्हणून सांगतो.

त्यानं मला अकीकाचा खल-बत्ता दिला आणि तीन पावडरी, यिट्रियम ऑक्साइड, बेरियम कार्बोनेट, कॉपर ऑक्साइड. मास्क, ग्लोव्हज घालून बस घोटत. दोन तास घोटायचं, रात्रभर ९०० डिग्रीच्या वर भट्टीत ठेवायचं, सकाळी काढून परत घोटायचं. घरी फोनवर आईनं विचारलं काय करतोस रे तिकडे, म्हटलं वाटण वाटतोय. शेवटी दाबून गोळी करायची, ती काळी यायला पाहिजे, माझी पहिली हिरवी आली. शेवाळासारखी हिरवी. पीएचडीवाल्यानं बघितलं, हसला, म्हणाला हे दुसरंच कंपाउंड झालं, परत कर. परत वाटण. दुसरी काळी आली तर तिचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, मोजायला तिच्यावर सिल्व्हर पेस्टनं केसाएवढ्या चार तारा चिकटवायच्या, त्या गोळी थंड करायला लिक्विड नायट्रोजनमध्ये गेल्या की सुटायच्या. अकरा दिवस सुटल्या. इथं शहाणा माणूस आजारी पडतो आणि घरी जातो, मी नाही गेलो, का ते माहीत नाही, कदाचित परतीचं रिझर्व्हेशन मिळत नव्हतं म्हणून.

बाराव्या रात्री तारा टिकल्या. बाहेर पाऊस, लॅबमध्ये मी एकटा, मीटरवरचा आकडा हळूहळू उतरत होता, आणि ९० केल्विनच्या आसपास, म्हणजे शून्याखाली १८३ डिग्रीला, एकदम पडला. शून्य. मला वाटलं परत तार सुटली. गरम होऊ दिलं तर आकडा वर आला, थंड केलं तर बरोबर त्याच जागी परत पडला. हा काळा पदार्थ इतका थंड झाला की त्यातून वीज विनाअडथळा वाहते, त्याला सुपरकंडक्टर म्हणतात, हे १९८७ पासून सगळ्या जगाला माहितीय, पुस्तकात आलेख छापलेला आहे, मी नवीन काहीही शोधलं नव्हतं. तरी मी पहाटेपर्यंत तेच करत बसलो, वर, खाली, वर, खाली, नायट्रोजन संपेपर्यंत. तो आठवडाभर पुरवायचा होता. सकाळी शिव्या बसल्या.

त्यानंतरचे दिवस पूर्ण वाया गेले, कारण मला कॅम्पस प्लेसमेंटच्या ॲप्टिट्यूडमध्ये रस वाटेना, आणि तो पुढं दोन वर्षं वाटला नाही. घरच्यांना काय काय ऐकून घ्यावं लागलं ते विचारू नका. म्हणून म्हणतो, खल-बत्ता पुढं केला की हात मागे घ्या.

सर्टिफिकेट आलं, त्यावर आडनाव चुकलंय, आईनं तरी ते लॅमिनेट करून शोकेसमध्ये ठेवलंय. ती हिरवी गोळी माझ्याकडे एका डबीत कापसात आहे, आणि दर दिवाळीच्या साफसफाईला आई ती डबी हलवून विचारते, हे औषध कशाचं रे, टाकून देऊ का.