सूज उतरली म्हणून गोळ्या सोडायच्या नसतात

'हार्ट फेल्युअर: डॉक्टर सांगत नाहीत अशा पाच गोष्टी' या नावाचा एक मेसेज मुंबईहून कुडाळ-मालवणपर्यंत घरोघरी पोचला आहे. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं. सूज आणि दम गेला की हृदय बरं झालं, मग गोळ्या बंद करा, नाहीतर किडनी जाईल. साध्या मिठाऐवजी सैंधव खा, ते कितीही चालतं. रोज चार लिटर पाणी आणि दोन शहाळी प्या, शरीर धुऊन निघेल. रोज वजन करून वहीत लिहिणं म्हणजे सिस्टर लोकांनी आपलं काम पेशंटच्या गळ्यात घालणं. आणि शेवटी, पूर्ण विश्रांती, खाट सोडू नका. लिहिणाऱ्याचं नाव कुठेच नाही.

मी नर्स आहे. असले मेसेज एरवी वाचून सोडून देते. हा सोडणं शक्य नव्हतं, कारण तो भावकीच्या ग्रुपवरून माझ्या आतेपर्यंत गेला आणि तिने तो तंतोतंत पाळला. "सूज गेली मा, आता औषध कित्याक व्हया?" असं ती फोनवर म्हणाली, तेव्हा गोळ्या थांबून बरेच दिवस झाले होते. रात्री आडवं पडलं की दम लागत होता, उशांवर उशा रचून ती बसल्या बसल्या झोपत होती. वेळेत दवाखान्यात नेलं म्हणून निभावलं.

म्हणून आधी गोळ्यांचंच बोलते, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्या एका ओळीने होतंय.

हार्ट फेल्युअरमध्ये हृदय चालू असतं, पण त्याचं काम कमी पडतं. रक्त पुरेसं पुढे जात नाही, तेव्हा शरीराला वाटतं की रक्तच कमी झालंय. मग मूत्रपिंडं मीठ आणि पाणी धरून ठेवतात, रक्तवाहिन्या आवळतात, नाडी वाढते. दमलेल्या हृदयावर आणखी भार पडतो. पाय सुजतात ते या धरून ठेवलेल्या पाण्याने. लघवीची गोळी ते पाणी काढते. बाकीच्या गोळ्या, म्हणजे बीटा ब्लॉकर, रामिप्रिलसारख्या किंवा त्याहून नव्या, स्पायरोनोलॅक्टोन, डापाग्लिफ्लोझिन, या सूज घालवण्यापुरत्या नसतात. शरीराचा हा उलटा कारभार त्या रोज रोखून धरतात. सूज उतरली ती गोळ्या चालू होत्या म्हणून. त्याच बंद केल्या तर कारभार पुन्हा सुरू होणारच.

हे माझं मत नाही. लंडनमध्ये नेमक्या याच प्रश्नावर एक चाचणी झाली, नाव ट्रेड-एचएफ, 'लॅन्सेट'मध्ये २०१९ साली छापून आली. हृदय फुगून त्याचा स्नायू कमजोर झालेले, पण औषधांनी पूर्ण सुधारलेले ५१ रुग्ण घेतले. सगळ्यांचं पंपिंग, म्हणजे दर ठोक्याला हृदय आतल्या रक्तापैकी जेवढं पुढे ढकलतं ते, ५० टक्क्यांवर आलेलं, म्हणजे जवळपास निरोगी माणसासारखं, कसलाही त्रास नाही. त्यांतल्या २५ जणांच्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करत बंद केल्या, २६ जणांच्या चालू ठेवल्या. सहा महिन्यांत बंद केलेल्या २५ पैकी ११ जणांचा आजार उलटला. चालू ठेवलेल्यांपैकी एकाचाही नाही. पुढे या दुसऱ्या गटातल्या २५ जणांच्याही गोळ्या थांबवल्या, तर त्यातले ९ जण बिघडले. कुणी दगावलं नाही, कारण तपासण्या सतत चालू होत्या आणि बिघाड दिसताच औषधं परत सुरू केली.

ही गत पूर्ण सुधारलेल्यांची. आतेचं पंपिंग अजून निम्म्याच्या आसपासही आलेलं नाही. तिने गोळ्या एका दिवसात सोडल्या, आणि लक्ष ठेवायला घरात कोण, तर तिच्याएवढेच थकलेले तिचे यजमान.

किडनीच्या बाबतीत मेसेजमध्ये अर्धं खरं आहे, ते मान्य करते. यातल्या काही गोळ्यांनी रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम कळतं तो आकडा) वाढू शकतं, पोटॅशियम वाढू शकतं. म्हणून तर मधूनमधून रक्त तपासायला सांगतात. जुलाब-उलट्या झाल्या, खाणंपिणं सुटलं, तर काही गोळ्या तेवढ्यापुरत्या थांबवाव्याही लागतात. पण ते डॉक्टरांना विचारून. मनाने सगळी पाकिटं फडताळात टाकणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

आता सिस्टरांवरचा आरोप. यावर मला राग आहे, आणि तो लपवत नाही. डोरोथिया ओरेम या अमेरिकी परिचारिकेने १९७१ मध्ये ग्रंथरूपात जे मांडलं, ते आम्हाला नर्सिंगला शिकवतात. माणूस जगण्यासाठी स्वतःचं रोज बरंच काही करत असतो. आजारात जेवढं करायची गरज असते आणि जेवढं त्याला जमतं, यात फट पडते. ती भरणं हे नर्सचं काम. ऑक्सिजन लावून पडलेल्या माणसाचं सगळं आम्ही करतो. वॉर्डात जरा सावरला की थोडं तो, थोडं आम्ही. आणि घरी जायच्या वेळी त्याला शिकवायचं, पाठीशी राहायचं. वजनाची वही या तिसऱ्या भागातली आहे. पेशंट आमच्याकडे काही दिवस असतो, घरी वर्षभर. घरी त्याचा आजार कोण पाहणार?

बार्बरा रीगल आणि त्यांच्या सहकारी डिक्सन या नर्सिंगमधल्या संशोधकांनी २००८ मध्ये खास हार्ट फेल्युअरसाठी हे आणखी नेमकं केलं. औषध-पथ्य सांभाळणं, बदल ओळखणं आणि बदल दिसल्यावर काहीतरी करणं. आमचे लोक पहिलं करतात, पण दुसऱ्यात अडकतात. दम लागला तर 'वय झालं', पाय सुजले तर 'गाडीत पाय लोंबकळत होते'. वजन तसं फसवत नाही. सकाळी लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, रोज साधारण त्याच कपड्यात वजन करायचं. तीन दिवसांत दोन किलोहून जास्त वाढलं तर ते अंगावर चढलेलं मांस नाही, पाणी आहे. पायावर सूज दिसायच्या आधीच काटा ते सांगतो. त्याच दिवशी फोन करायचा, पुढच्या तारखेची वाट बघायची नाही.

एक मात्र खरं. कित्येक ठिकाणी डिस्चार्जच्या वेळी इंग्रजी कागद हातात देतात आणि रिक्षा बोलवा म्हणतात. शिकवत कुणीच नाही. तिथे पेशंटला टाकून दिल्यासारखं वाटलं तर तो चुकत नाही. पण ती नर्सिंग न केल्याची तक्रार झाली. त्यावर उपाय म्हणजे बसून समजावून घ्या, सुनेला किंवा नातवालाही शेजारी बसवा, काटा वाचता येत नसेल तर तो आकडा त्यांनी लिहावा. वहीच फेकून देऊन काय मिळणार?

सैंधवही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच आहे, संपला विषय. आपल्याकडे मीठ जातं कुठून ते बघा. पेजेबरोबर लोणचं, खारवलेला बांगडा, सुकट, पापड, खारातली कैरी, आणि सोलकढीसाठी घरात असलेलं आगळ, ज्यात मीठ घातलेलंच असतं. जागतिक आरोग्य संघटना निरोगी मोठ्या माणसालाही दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे जेमतेम चहाचा एक सपाट चमचा. भाजी अळणी करून वर खारा बांगडा खाल्ला तर काय उपयोग? 'लो सोडियम' मीठही विचारल्याशिवाय आणू नका, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं.

शहाळ्याचंही तेच. ते वाईट नाही, पण पोटॅशियम त्यात भरपूर असतं. स्पायरोनोलॅक्टोन आणि रामिप्रिल घेणाऱ्या, त्यात किडनी थोडी कमजोर असलेल्या माणसाने रोज दोन शहाळी प्यायली तर रक्तातलं पोटॅशियम इतकं वाढू शकतं की हृदयाचे ठोकेच बिघडतात. बागेत माड आहेत म्हणून हा धोका आपल्याकडे जास्त. पाण्याबाबत पूर्वीइतकी कडक बंदी सगळ्यांनाच लागत नाही, हे नव्या अभ्यासांतून दिसतंय. स्थिर असलेल्याने तहानेपुरतं प्यावं. पण तहान नसताना चार लिटर ढोसणं वेगळं, आणि पाण्याचं प्रमाण ठरवून दिलं असेल तर तेच पाळायचं.

खाटेवर पडून राहायचं तर मुळीच नाही. दम नसेल तेव्हा, बोलता येईल इतपत बेताने, अंगणात, पाणंदीत रोज चालायचं. मेसेजमध्ये जे यायला हवं होतं ते मात्र आलंच नाही: गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून आणलेल्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या. त्या पाणी धरून ठेवतात, किडनीवर ताण आणतात, आणि भातलावणीच्या दिवसांत त्या घरोघरी असतात.

ज्या भाच्याने हा मेसेज टाकला, त्याला मी सांगितलंय की त्याच ग्रुपवर, तेवढ्याच ठळकपणे, तो चुकीचा होता असं लिही. आणि गणपतीला येताना आतेसाठी डिजिटल वजनकाटा घेऊन ये.