शटर, सूचनापेटी आणि किल्ली

महाराष्ट्र मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यांतील कामाची दैनंदिन मर्यादा ९ तासांवरून १२ तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली, तेव्हापासून नागपूरच्या नातेवाइकांशी फोनवर वाद होतो तो तासांचाच. त्या तासांत कामगाराला जे दिसते ते त्याला कोणी विचारते का, हा प्रश्न मात्र त्यात निघत नाही.

जर्मनीला येण्यापूर्वी मी हिंगणा एमआयडीसीतील एका कारखान्यात नोकरी करत होतो. मे महिन्यात दुपारच्या पाळीत शाफ्टची मापे चुकत आणि रिजेक्शन वाढे. आम्ही इंजिनिअर टूल बदलत राहिलो, ऑपरेटरांना मेमो देत राहिलो. शेवटी लेथवरच्या एका काकांनी चहा पिताना सहज सांगितले, की तीननंतर पश्चिमेच्या उघड्या शटरमधून ऊन थेट मशीनवर येते आणि जॉब, म्हणजे मशीनवर घडवला जाणारा शाफ्ट, तापलेला असतानाच मोजला जातो. पोलादाचा एक मीटरचा दांडा एका अंशाला सुमारे १२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वाढतो. म्हणजे ३०० मिलिमीटरचा शाफ्ट १० अंशांनी तापला, तर गरम असताना बरोबर भरलेले माप थंड झाल्यावर ३६ मायक्रॉनने कमी भरणार. आधी का सांगितले नाही, असे मी विचारले. "आमाले इचारलंच कोनं, साहेब?" सूचनापेटी भिंतीवर होती, पण तिची किल्ली ज्यांच्याकडे होती, त्यांच्याच सहीने मेमो निघत.

इथले साहेब स्वभावाने अधिक ऐकून घेणारे आहेत, असे मला वाटत नाही. फरक कायद्याचा आहे. १९७२ च्या जर्मन कायद्यानुसार पाच कायम कर्मचारी असलेल्या आस्थापनेतही कामगार परिषद, म्हणजे कामगारांच्या प्रतिनिधींची समिती, निवडता येते, तिच्या सदस्यांना सहजासहजी काढता येत नाही, आणि जिथे परिषद आहे तिथे पाळीच्या वेळाच नव्हे, तर सूचना योजनेची तत्त्वेसुद्धा तिच्या संमतीवाचून ठरत नाहीत. अर्थात, अनेक लहान कंपन्यांत परिषदच नसते, आणि कंत्राटी एजन्सीकडून आलेला माणूस इथेही गप्पच बसतो. हे मी रोज पाहतो.

आपल्याकडे कायदा नाही, असेही नाही. शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी मालक व कामगारांच्या संयुक्त समितीची सोय १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातच होती आणि नव्या औद्योगिक संबंध संहितेतही ती आहे. हिंगण्यात असताना अशी बैठक झाल्याचे मात्र मी एकदाही ऐकले नाही.

मागच्या हिवाळ्यात काकांना भेटलो. परिषद इथे दर तिमाहीला सर्व कामगारांची सभा घेते, हे त्यांना सांगितले. त्यांनी एवढेच विचारले, की त्या वेळेचा पगार कापतात का. कापत नाहीत, तो वेळ कामाचाच धरतात, असे मी म्हटल्यावर काका म्हणाले, "मंग बोलत असतीन लोकं."